कुणीही आउट नाही: लहान मुलांना हलतं ठेवणारे खेळ

वाढदिवसाच्या घरी संगीत खुर्ची लावली की काय होतं ते आठवून पाहा. दहा मुलं, नऊ खुर्च्या. गाणं थांबतं आणि पहिल्याच फेरीत एक मूल उभं राहतं. बहुतेक वेळा ते सगळ्यांत लहान, अंगाने जड, बुजरं किंवा पळायला जरा हळू असतं. म्हणजे ज्याला पळण्याची गरज सगळ्यांत जास्त, तेच पहिल्या मिनिटाला बाहेर. मग ते वेफर्सची बशी घेऊन भिंतीला टेकून बसतं. शेवटी शेवटी दोन चपळ मुलं एका खुर्चीभोवती फिरतात आणि आठ जणं बसून बघतात. घरी जाताना मोठी माणसं म्हणतात, मुलं आज भरपूर खेळली.

तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी खेळ निवडताना एक प्रश्न स्वतःला विचारा: या क्षणी किती मुलं हलत आहेत? कोण जिंकलं, नियम पाळले की नाही, खेळ किती शिस्तीत झाला, हे सगळं नंतरचं. या प्रश्नाची सवय लागली की लक्षात येतं, नवे खेळ शोधण्याची किंवा महागडं साहित्य आणण्याची फारशी गरज नाही. विषामृत, डोंगर-पाणी, तळ्यात-मळ्यात, साखळी हे आपल्याला ठाऊक असलेले खेळ पुरेसे आहेत. त्यांचा एखादा नियम मात्र लहानांसाठी बदलावा लागतो.

किती हालचाल हवी?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान 180 मिनिटं शारीरिक हालचाल करायला हवी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यातली किमान 60 मिनिटं दम लागेल अशी असावीत. याच सूचनांमध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे, आणि ती जितकी कमी तितकं बरं. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच. पाच वर्षांपासून पुढे रोज सरासरी 60 मिनिटं दमदार हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणाऱ्या हालचाली, म्हणजे उड्या, चढणं, लोंबकळणं वगैरे, अपेक्षित आहेत.

तीन तासांचा आकडा ऐकून नोकरी करणाऱ्या आईबाबांच्या पोटात गोळा येतो. पण हे तीन तास सलग नाहीत. बालवाडीपर्यंत चालत जाणं, जिना चढणं, आजोबांबरोबर कोथिंबीर आणायला जाणं, घरातल्या घरात धावणं, सगळं त्यात धरलं जातं. लहान मूल मुळात सलग पळतच नाही. ते झटक्यात पळतं, थांबतं, मुंगी बघतं, पुन्हा पळतं. त्यामुळे मोठ्यांसारखे मैदानाला फेरे मारायला लावलं तर ते दुसऱ्या फेरीला कंटाळतं. पण शिवाशिवीत तेच मूल अर्धा तास, थांबत-थांबत, कुरकुर न करता पळतं.

दमदार हालचाल झाली की नाही हे ओळखायला मनगटावर यंत्र बांधायला नको. खेळता-खेळता मुलाला काहीतरी विचारा. ते बोलू शकतंय, पण बडबडगीत म्हणायला गेलं तर मध्येच श्वास घ्यावा लागतोय, तर हालचाल मध्यम आहे. दोन-तीन शब्दांनंतरच दम लागतोय, तर ती जोरकस आहे. गाणं आरामात म्हणता येत असेल, तर खेळात आणखी थोडी धावपळ घालायला वाव आहे.

वय पाहून खेळ

पुष्कळदा मूल खेळत नाही, कारण तो खेळ त्याच्या शरीराला अजून जमणारा नसतो. साधारणपणे दोन वर्षांचं मूल पळतं आणि चेंडूला पाय मारतं. अडीचच्या आसपास दोन्ही पायांनी जागच्या जागी उडी मारू लागतं. तिसऱ्या वर्षी एका पायावर क्षणभर तोल सावरतं. मोठा, मऊ चेंडू झेलणं चौथ्या वर्षाच्या आसपास जमू लागतं, आणि एका पायावर लागोपाठ उड्या मारणं चार-पाचला. प्रत्येक मुलाचा वेग थोडा वेगळा असतो, म्हणून हे आकडे घड्याळासारखे पाहू नका.

यातून खेळांची निवड सोपी होते. तिसऱ्या वर्षी तळ्यात-मळ्यात चांगला जमतो, कारण त्यात फक्त रेघेच्या आत-बाहेर उडी मारायची असते. लंगडीसाठी या वयात आग्रह धरू नये. पाच वर्षांच्या मुलालाही आधी पाच-सहा पावलांचं अंतर द्या आणि परतताना पाय बदलायला सांगा. नाहीतर मूल कायम एकाच सोयीच्या पायावर लंगडतं आणि दुसरा पाय कच्चा राहतो. लगोरीसाठी नेम हवा. तो पाच-सहा वर्षांपर्यंत डळमळीत असतो, म्हणून दगडांच्या जागी रिकामे खोके रचा, चेंडू मोठा घ्या आणि नेम धरायचं अंतर दोन-तीन पावलांवर आणा.

आठवड्यातल्या खेळांत तीन प्रकारच्या हालचाली आल्या की बस: पळणं-उडणं, तोल सांभाळणं आणि फेकणं-झेलणं. आपल्याकडे पहिला प्रकार भरपूर होतो, तिसरा कमी. मुलींच्या बाबतीत तर फारच कमी, कारण त्यांच्या हातात चेंडू मुळात उशिरा आणि क्वचित येतो. तो मुद्दाम आधी द्या.

ओळखीचे खेळ, थोडे वेगळे नियम

संगीत खुर्चीपासूनच सुरुवात करू. दर फेरीला खुर्ची कमी करा, मूल नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून मावायचं. खुर्च्यांऐवजी सतरंजी घेतली तर उत्तम: गाणं थांबलं की सगळ्यांनी सतरंजीवर यायचं आणि दर वेळी तिची एक घडी वाढवायची. शेवटी मुलं एकमेकांना धरून, एका पायावर, हसत उभी असतात आणि एकही बाहेर बसलेलं नसतं. गाणं सुरू असताना नुसतं चालायचं नाही. एकदा हत्तीसारखं, एकदा सशासारखं, एकदा उलटं.

'शिवाजी म्हणतो' हा खेळ कान आणि शरीर दोन्हींना कामाला लावतो, पण चुकलेलं मूल बाहेर गेलं की त्याचा उपयोग संपतो. दोन गट करा, दोन वेगळे शिवाजी ठेवा. पहिल्या गटात चुकलेलं मूल पळत दुसऱ्या गटात जातं, तिथे चुकलं की परत येतं. चुकणं म्हणजे शिक्षा नाही, फक्त घर बदलणं. गंमत म्हणजे काही मुलं पळायला मिळावं म्हणून मुद्दाम चुकतात. चुकू द्या.

विषामृत हा लहान मुलांसाठी आपल्याकडचा एक सर्वोत्तम खेळ आहे, कारण त्यात सुटका मुळातच ठेवलेली आहे. राज्य असलेल्याने शिवून 'विष' दिलं की मूल जागच्या जागी बसतं, दुसऱ्याने येऊन 'अमृत' दिलं की पुन्हा पळतं. लहानांसाठी दोन बदल करा. विष मिळालेल्याने बसायचं नाही. एका पायावर उभं राहायचं किंवा जागच्या जागी उड्या मारत 'अमृत, अमृत' ओरडायचं. आणि मुलं दहापेक्षा जास्त असतील, तर राज्य दोघांवर द्या. राज्य एकट्यावर असलं की बाकीची मुलं फार वेळ निवांत उभी राहतात.

डोंगर-पाण्यात राज्य असलेल्याने पाणी घेतलं की जमीन त्याची, आणि पायरी, ओटा, कट्टा ही उंच जागा सुरक्षित. बुजरी मुलं इथे डोंगरावर चढून बसतात ती खाली उतरतच नाहीत. त्यांना ओरडून उपयोग होत नाही. नियम असा करा की डोंगरावर मोठ्याने दहा आकडे मोजेपर्यंतच थांबता येतं. किंवा पाण्यात पलीकडे खडे, पानं, बाटल्यांची झाकणं ठेवा आणि ती 'मासे' म्हणून आणायला लावा. पकडलं जाण्याच्या भीतीपेक्षा मासा आणण्याची ओढ मोठी ठरते.

'मामाचं पत्र हरवलं' आणि रुमालपाणी हे रिंगणात बसून खेळण्याचे खेळ. पंधरा मुलांचं एक रिंगण केलं तर दोघं पळतात आणि तेरा बसतात. पाच-पाचची तीन रिंगणं करा. प्रत्येकाचा पळण्याचा डाव तिप्पट वेळा येतो. साखळीत पकडलेलं मूल हात धरून साखळीत सामील होतं, म्हणजे कुणीच बाद होत नाही. फक्त साखळी चार जणांची झाली की ती दोन-दोनमध्ये तोडा. लांब साखळीच्या टोकाचं लहान मूल फरफटत जातं आणि हाताला झटका बसतो.

खांब-खांब या खेळात तर काहीच बदलावं लागत नाही. खांबांपेक्षा एक मूल जास्त. सगळ्यांनी जागा बदलताना मधल्याने एक खांब पटकावायचा. देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा किंवा गाड्या बाहेर गेल्यावरचं इमारतीखालचं रिकामं पार्किंग, कुठेही जमतो.

कच्च्या लिंबाचं काय करायचं?

गल्लीत वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र खेळतात, तेव्हा सगळ्यांत लहानग्याला कच्चा लिंबू करतात. त्याच्यावर राज्य येत नाही, त्याला आउट करत नाहीत. धाकट्याला सामावून घेण्याची ही जुनी रीत चांगलीच आहे. पण नीट पाहिलं तर त्या मुलाच्या मागे कुणी लागत नाही, त्याने कुणाला शिवलं तरी ते कुणी धरत नाही. दहा मिनिटांत त्याच्या हे लक्षात येतं आणि ते खेळ सोडून माती उकरत बसतं.

सवलत ठेवा, पण त्याला खेळातलं खरं काम द्या. विषामृतात अमृत देण्याचा अधिकार फक्त धाकट्यांना दिला, तर सुटका व्हावी म्हणून मोठी मुलंच त्यांना हाका मारतात आणि धाकटी सतत पळत राहतात. शिवाशिवीत धाकट्यावर राज्य आलं, तर एका मोठ्या भिडूने त्याचा हात धरून जोडीने राज्य घ्यावं. लपंडावात त्याला शोधणाऱ्याचा मदतनीस करा. ताई-दादा मंडळींना ही व्यवस्था एकदा समजावली की ती आपणहून पाळतात; मोठ्यांना रोज मध्ये पडावं लागत नाही.

हेच सूत्र अपंगत्व असलेल्या मुलासाठीही वापरता येतं. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाकडे अमृत किंवा भोज्जा द्या, म्हणजे सगळ्यांना त्याच्याकडे पळत यावं लागेल आणि त्यालाही वळावं, हात लांबवावा लागेल. कमी दिसणाऱ्या मुलासाठी कापडी चेंडूत घुंगरू शिवून टाका. बोलणं ऐकू न येणाऱ्या मुलासाठी 'शिवाजी' शब्दांऐवजी हाताच्या खुणांनी सांगेल. हे बदल सगळ्यांसाठीच केले, तर वेगळं मूल वेगळं दिसत नाही.

दोन खोल्या आणि चार महिने पाऊस

कोकणात किंवा मुंबईत जूनपासून चार महिने मैदानात पाणी असतं, आणि विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर किंवा संध्याकाळ झाल्यावरच बाहेर जाता येतं. अशा वेळी घरातच खेळ हवेत, आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येणार नाही असेही हवेत.

पाय न आपटणारे खेळ मुद्दाम ठरवून ठेवा. प्राण्यांची चाल हा सगळ्यांत सोपा: खेकडा, म्हणजे पोट वर करून हात-पायांवर चालणं, अस्वल, म्हणजे गुडघे न टेकता चार पायांवर, साप, म्हणजे पोटावर सरकत. यात हात, खांदे, पोट यांचे स्नायू कामाला लागतात, आणि नेमके हेच एरवी राहून जातात. एकेका प्राण्याने स्वयंपाकघरातून एकेक चमचा आणून टेबलावर ठेवायचा, असं काम जोडलं की खेळ पंधरा मिनिटं सहज चालतो.

दुसरा खेळ कागदी बोळ्यांचा. खोलीच्या मधोमध दोरी किंवा ओढणी लांब करून ठेवा, दोन्हीकडे जुन्या वर्तमानपत्राचे वीस-वीस बोळे. खूण केली की आपल्या बाजूचे सगळे बोळे पलीकडे टाकायचे. पलीकडूनही तेच चालू असल्यामुळे कुणीच जिंकत नाही. मुलं वाकतात, उचलतात, फेकतात, आणि दोन मिनिटांत घामाघूम होतात. शेवटी सगळे बोळे डब्यात नेम धरून टाकायचे, म्हणजे आवराआवरही होते.

तिसरा, रुमाल वर फेकून झेलणं. रुमाल हळू खाली येतो, त्यामुळे चेंडू झेलता न येणाऱ्या मुलालाही जमतो. पुढे रुमाल हवेत असताना एक टाळी, मग दोन, मग एक गिरकी. फुग्यानेही हे करता येतं. मात्र फुटलेल्या फुग्याचे तुकडे लहान मुलांच्या घशात अडकून जीव गुदमरू शकतो, म्हणून फुगा असेल तर मोठ्याने समोर राहायचं आणि तुकडे लगेच उचलायचे.

नाचही खेळच आहे. गाणं लावा, पण मोबाइल पालथा ठेवा. पडद्यावरचा नाच पाहायला लागलं की मूल हळूहळू थांबतं आणि बघत बसतं. घरात आजी असेल तर तिला विचारा. मंगळागौरीच्या खेळांतली फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा यांत तोल, बैठक, उडी सगळं आहे, आणि आजीला गुडघ्यांमुळे स्वतः करता आलं नाही तरी शिकवता नक्की येतं. नातवालाही शिकवा, फक्त नातीला नको.

बालवाडीत आणि अंगणवाडीत

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात बालशिक्षण उभं केलं ते शंख, खडे, पानं, बिया अशा आसपासच्या वस्तूंवर. खेळासाठीही तेवढंच लागतं. खडूने जमिनीवर रेघा, जुन्या सायकलचे टायर, दोरी आणि कापडी चेंडू यांत महिनाभराचे खेळ होतात.

ताईंसमोरची अडचण साहित्याची कमी आणि संख्येची जास्त असते. पंचवीस मुलं आणि एक ताई असताना रांगेत उभं करून एकेकाला उडी मारायला लावलं, तर प्रत्येक मूल चोवीस उड्या बघतं आणि एक मारतं. त्यापेक्षा अंगणात चार ठिकाणं करा: एकीकडे टायरमधून उड्या, दुसरीकडे रेघेवरून तोल सांभाळत चालणं, तिसरीकडे टोपलीत चेंडू टाकणं, चौथीकडे झाडाला शिवून परत येणं. गटाने पाच मिनिटं खेळायचं, डफली वाजली की पुढच्या ठिकाणी जायचं. एका ठिकाणी ताई, दुसरीकडे मदतनीस, आणि जमलं तर आलटूनपालटून एखादी आई.

खेळ समजावण्यात वेळ घालवू नका. तीन-चार वर्षांच्या मुलांना लांबलचक नियम कळत नाहीत. एका मुलाला घेऊन करून दाखवा आणि लगेच सुरू करा. पहिल्या दिवशी एकच नियम, दुसऱ्या दिवशी आणखी एक. मुलं 'परत, परत' म्हणत तोच खेळ मागतात तेव्हा कंटाळू नका. परत-परत खेळल्यानेच उडी पक्की होते.

आणि खेळाला शिक्षेशी जोडू नका. चुकलं म्हणून उठाबशा काढायला लावल्या, तर मूल हालचाल म्हणजेच शिक्षा असं शिकतं. गृहपाठ झाला नाही म्हणून खेळाचा तास बंद करणंही तितकंच उलटं. जे मूल बसून कंटाळलेलं असतं, त्यालाच आणखी बसवून ठेवलं जातं.

काय जपायचं?

शिवायचं ते पाठीवर किंवा दंडावर, ढकलायचं नाही, कपडे ओढायचे नाहीत. हा नियम खेळ सुरू होण्याआधी सांगा. घरात फरशीवर मोजे घालून पळू देऊ नका, अनवाणी पाय घसरत नाहीत. आंधळ्या कोशिंबिरीत पट्टी फक्त डोळ्यांवर, आणि जिना, गॅलरी, टेबलाचे कोपरे यांपासून दूर. पार्किंगमध्ये खेळताना गाडी येण्याच्या बाजूला एक मोठं माणूस उभं हवं. मागे येणाऱ्या गाडीच्या चालकाला लहान मूल दिसत नाही. पाण्याची टाकी, उघडा हौद, बांधकामाचा खड्डा जवळ असेल तर ती जागाच नको. उन्हात खेळ असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी प्यायची सुट्टी, तहान लागली नाही असं मूल म्हणालं तरी.

खरचटणं, पडणं होणारच. त्यासाठी खेळ थांबवू नका. पण बरोबरीच्या मुलांपेक्षा एखादं मूल फार लवकर दमत असेल, पळताना ओठ निळसर होत असतील, छातीत दुखतं म्हणत असेल, चक्कर येत असेल, सतत लंगडत असेल किंवा वरचेवर खोकत थांबत असेल, तर ते आळशी आहे असं ठरवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

उद्यापासून काय?

सात दिवसांसाठी एकच खेळ निवडा आणि त्याची वेळ ठरवा, शक्यतो संध्याकाळी, कुणीही मोबाइल हातात घेण्याच्या आधी. पहिले दोन दिवस राज्य तुमच्यावर घ्या. आई किंवा बाबा मागे लागले की सगळ्यांत बुजरं मूलही पळतं, आणि तुमची धाप मुलांना फार आवडते. तिसऱ्या दिवशी एका मिनिटासाठी बाजूला उभे राहा आणि मोजा: किती मुलं हलताहेत, किती नुसती उभी आहेत. निम्म्यांहून अधिक उभी दिसली, तर राज्य वाढवा, गट लहान करा, अंतर कमी करा किंवा बाहेर बसण्याचा नियम काढून टाका. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाचा उपयोग झाला ते कळेल.

कौतुक करताना 'पहिला आलास' म्हणण्याऐवजी 'आज दोन टायर ओलांडलेस, काल एकच जमला होता' असं सांगा. पाचव्या-सहाव्या दिवशी मुलं स्वतःच नियमांत ढवळाढवळ करू लागतील: मांजराला विष लागत नाही, लाल फरशी म्हणजे डोंगर, दोनदा टाळी वाजवली की अमृत. ते नियम तुम्हाला निरर्थक वाटले तरी, कुणी बाहेर बसत नसेल तर मान्य करा. आठवडा संपला की पुढचा खेळ कोणता, हे तुम्ही सुचवू नका. मुलांनाच विचारा, आणि त्यांनी सलग तिसऱ्या आठवड्यात पुन्हा विषामृतच मागितलं तरी तेच खेळा.